पाना सापडत नव्हता

बाबा, मी मुशी पाहिली. जिवंत. एक नाही, तीसेक असतील, त्यांच्याच पाण्यात, आपल्या नाहूरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत जेवढं अंतर होतं तेवढ्या अंतरावरून. आता सगळे शार्कच म्हणतात. तुम्ही असता तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला असता, "कायपण सांगतंस." म्हणून तुम्ही नसताना सांगते आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, मी पन्नाशीला टेकले, आणि अजून तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की आधी मनातल्या मनात तीनदा घोकून बघते. याचा मला फार राग येतो.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार मसाल्याचा आला. पंचवीस मीटर खाली, पाठीवर सिलिंडर, तोंडात रबराची नळी, समोर ती राखाडी जनावरं प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी उभी, आणि मला आठवतोय आपला रविवार. तुम्ही भांडुपच्या बाजारातून मुशी आणायचात, हातभर लांब. मसाल्याचं वाटप आई वाटायची, पण साफ तुम्हीच करणार, कारण "तुमका बायकांक ता जमाचा नाय." मोरीत उकळतं पाणी ओतून तुम्ही सुरीने तिची कातडी खरवडायचात, पण त्याआधी मला हाक मारायचात. माझा हात धरून तिच्या डोक्याकडून शेपटीकडे फिरवायचात, गुळगुळीत लागायचं. मग उलटा, शेपटीकडून डोक्याकडे, तर पॉलिशपेपर. "बघ," म्हणायचात, "उलटो हात फिरवलंस तर सोलून काढता." तुम्ही माझा हात हातात घेतल्याची माझ्याकडे एवढीच आठवण आहे. तीसुद्धा मेलेल्या माशावर.

बाकी तुमचे हात दुसऱ्यांसाठी होते. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही मुलुंडच्या एका क्लबात तरणतलावावर लाइफगार्ड म्हणून लागलात, मग तिथेच पोहायला शिकवू लागलात. देवगडकडच्या माणसाला पाणी शिकवायला कोण लागतं. क्लबातल्या बायका तुम्हाला सर म्हणायच्या आणि त्यांच्या मुली तुमच्या तळहातावर पोट टेकून पाय मारायच्या. मी शाळा सुटली की तुमचा डबा घेऊन यायचे आणि बाकड्यावर बसायचे, मांडीवर दुसऱ्यांचे टॉवेल. स्टाफच्या पोरांना पाण्यात उतरायची परवानगी नाही, हे मला तुम्ही सांगितलंत आणि मी मानलंही. मग कळलं की भावाला तुम्ही पहाटे, मेंबर यायच्या आत, रोज उतरवता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान तो. मी विचारलं, मी पण येऊ का? तुम्ही म्हणालात, "तू नको." का नको, ते त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. त्या बाकड्यावरून मी तुमचं शिकवणं पाठ केलं, बाबा. "पाण्यावांगडा भांडा नको, आंग सोड." दिवसातून शंभर वेळा म्हणायचात. पण ऐकून कुणाला पोहता येतं?

आणि ती मे महिन्यातली विहीर. गावची पोरं पाठीला दोन सुके नारळ बांधून पोहायला शिकतात, तशी भावाच्या पाठीला तुम्ही जोडी बांधलीत, नारळाच्या सोडणाची दोरी वळून, गाठ तीनदा ओढून बघून. माझं वय अकरा. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा तीच जोडी मी माझ्या पाठीला बांधली आणि पायऱ्या उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. थंडगार, आणि मला हसू येत होतं, हे अजून आठवतं. तेवढ्यात वेणी खेचली गेली. वर आणून, चुलत्यांची पोरं, काक्या, सगळ्यांसमोर तुम्ही मला थोबाडीत मारलीत आणि विचारलंत, "कोणाक इचारून उतारलंस?" बस, एवढंच. बुडाली असतीस म्हणाला असता तरी मी समजले असते. त्यानंतर मी तुम्हाला काही विचारलं नाही आणि तुमच्याकडे काही मागितलं नाही. कॉलेजची फी मागितली नाही, लग्नाचं राहिलं ते का राहिलं तेही विचारलं नाही. आणि तुम्हाला वाटायचं पोरगी शहाणी झाली.

पोहायला मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले, अंधेरीला, ऑफिस सुटल्यावर. शिकवणारी पोरगी माझ्या निम्म्या वयाची. तिने माझ्या पोटाखाली हात धरला आणि मला रडायला आलं, तिला वाटलं मी घाबरले. पुढे मग स्कूबा. भाऊ म्हणाला, "ताई, या वयात हे काय खूळ?" त्याला गोरेगावचा फ्लॅट, बायको, दोन मुलं, आणि पोट एवढं सुटलंय की पाण्यात नुसताच तरंगेल. तुमचा चॅम्पियन. वीस वर्षांत पाण्यात पाय घातला नाही त्याने. स्कूबाच्या कोर्सला मात्र मी पहिली आले असं म्हणा हवं तर. सिलिंडर कसा बसवायचा, व्हॉल्व्ह किती फिरवायचा, काटा कसा वाचायचा, लाल रेघेच्या आत काटा आला की काय करायचं, हे सर सांगायला लागले आणि माझे हात त्यांच्या आधी पुढे. "आधी केलंयत का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरी. दीड वर्ष. गिरणीतला कापूस तुमच्या छातीत राहिला होता ना. तुमच्या पलंगाशी तो ऑक्सिजनचा काळा सिलिंडर, कपाटाशी दुसरा भरलेला, आणि तो उघडायचा पाना. आई गेल्यावर ते सगळं मीच करायचे. भाऊ रविवारी यायचा, पेरू घेऊन.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. मालदीवच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे बोटीवरच राहावं लागतं, समुद्रातल्या खडकांच्या दोन रांगांमध्ये एक खिंड आहे. भरतीला सगळा समुद्र त्या खिंडीतून आत घुसतो आणि त्या वेगाच्या पाण्यात मुश्या उभ्या राहतात. त्या बघायच्या तर आपणही तिथे थांबायला हवं, आणि थांबण्यासाठी प्रत्येकाच्या जाकिटाला दोरी आणि तिच्या टोकाला लोखंडी आकडा. मेलेल्या प्रवाळाच्या खडकात आकडा अडकवायचा, हात सोडायचे, पाण्यात लोंबकळत राहायचं. आमचा गाइड तिथलाच, पन्नाशीचा, कामापुरतं हिंदी बोलणारा. त्याने खूण केली, मी आकडा टाकला, आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. एक मुशी माझ्या अगदी बाजूने गेली. मी हात पुढे केला नाही. पण मनात तिच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला, आणि लगेच स्वतःचीच चीड आली, की इतक्या लांब, इतक्या खोल येऊनसुद्धा मी अजून तुमच्याच मोरीपाशी उकिडवी बसलेय.

तेवढ्यात आकडा सुटला. मीच नीट अडकवला नव्हता, त्यात कुणाचा दोष नाही. प्रवाहाने मला मागे ओढलं आणि मी काय केलं माहीत आहे? भांडले. पाण्याच्या उलट पाय मारत सुटले. तुमचं वाक्य मला पाठ होतं, कानात ऐकूही येत होतं, पण अंगाला ते कधी कुणी शिकवलंच नव्हतं. धाप लागली. हवेचा काटा सत्तरवर होता, बघितला तेव्हा चाळीस, मग तीस. हवा संपत आली की गळ्यापाशी आडवा हात फिरवून खूण करायची, मला द्या म्हणून. पहिल्या दिवशी शिकवतात, लहान पोरालाही येते. गाइड पाच-सहा हातांवर, माझ्याकडेच बघतोय. आणि माझा हात वर गेला नाही, बाबा. काटा पंधरावर आला तरी नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि पाय मारत राहिले. मरण समोर दिसत असताना माझ्या डोक्यात काय होतं सांगू? मागायचं नाही.

त्याने स्वतःचा आकडा सोडला, दोन हातांत माझ्याजवळ आला आणि त्याच्याकडची दुसरी नळी सरळ माझ्या तोंडात दिली. किती वेळ लागला असेल? एक श्वाससुद्धा नाही. मग माझ्या जाकिटाचा पट्टा धरून त्याने आम्हा दोघांना प्रवाहात सोडून दिलं, आणि एकाच सिलिंडरवर श्वास घेत आम्ही हळूहळू वर आलो. बोटीवर मला उलटी झाली. तो शेजारी बसला, ओरडला नाही, फक्त म्हणाला, "दीदी, माँगा क्यों नहीं?" मी म्हटलं, पता नहीं. तो म्हणाला, "मैं तो देने के लिए ही हूँ ना." मग उठून त्याने चहा आणला. परका माणूस, त्याला माझं धड नावही माहीत नव्हतं.

तेव्हापासून एक दुपार माझ्या मागे लागली आहे, आणि ती तुम्हालाही माहीत आहे. घरात आपण दोघंच. तुमच्या सिलिंडरचा काटा लाल रेघेच्या आत आला, मी भरलेला सिलिंडर पलंगाशी सरकवला आणि पाना सापडेना. मी तुम्हाला म्हटलं, थांबा, पाना सापडत नाहीये. उशी उचलली, कपाटावर बघितलं, पलंगाखाली वाकले. तुमच्या नाकपुड्या फुगत होत्या, ओठ निळे पडत होते, आणि तुम्ही एक शब्द बोलत नव्हतात. चारेक मिनिटं गेली असतील. मग पाना मिळाला, व्हॉल्व्ह उघडला, तुमच्या ओठांना रंग आला. रविवारी भावाला मी हेच सांगितलं. तुम्हीही मान डोलावलीत आणि माझ्याकडे बोट करून त्याला म्हणालात, "ह्यां चेडू आसा म्हणान मी आसंय." पुढे दोन महिने जगलात. तुमच्या तेराव्याला भाऊ सगळ्या नातेवाइकांना तो किस्सा सांगत होता, पाना हरवला तेव्हा बिचाऱ्या ताईची काय वाट लागली असेल म्हणून. काकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी सगळ्यांना पानं वाढत होते.

तुम्ही वाईट होतात, बाबा. हे मी लिहून ठेवते, कारण मेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच बोलतात आणि मग जिवंत माणूस वेडा ठरतो. दुसऱ्यांच्या लेकींना तुम्ही पाणी दिलंत आणि मला टॉवेल दिलेत. त्याबद्दल एकदा, फक्त एकदा, चुकलं गो म्हणाला असता तर मी दीड वर्ष नाही, पंधरा वर्षं तुमचा सिलिंडर बदलला असता. मी वाट बघत होते. तुमचं जेवण भरवताना, तुमचं अंग पुसताना, रोज. चुकलं म्हणायचं नसेल तर राहू दे, निदान काहीतरी मागा, पाणी दे म्हणा, हवा दे म्हणा, तोंडाने म्हणा. तुम्हीही मागणाऱ्यांतले नव्हतात, आणि ते मला तुमच्याकडूनच आलं.

डाइव्हिंगची वही असते, प्रत्येक डाइव्हची नोंद करायची. किती खोल, किती वेळ, शेवटी शेऱ्याची एक ओळ. त्या डाइव्हचा शेरा भरायला बसले होते, तो हे इतकं लिहून झालं. हे कागद घडी घालून वहीतच ठेवणार आहे, भावाला दाखवणार नाही, शेऱ्याची ओळही रिकामीच राहू दे. फक्त एक सांगायचं राहिलं. पाना हरवला नव्हता. मी वाकून पलंगाखाली बघत होते तेव्हा तो माझ्या गाऊनच्या खिशात होता. त्याचं टोक बाहेर आलं होतं, आणि तुम्ही सारखे तिकडेच बघत होतात.