ऐन झाफरचा विजय

फेझ, रजब महिना, शुक्रवार
हिजरी ७५९

प्रिय ताशफीनदादास,

मैमूनाचा सलाम. छावणीत तू खुशाल असशील. इकडे आईचे गुडघे बरे आहेत. जर्दाळू पिकलेत, तुझ्या वाटणीचे तिने वाळत घातलेत.

सुलतानांनी ह्यांना ऐन झाफरच्या विजयाचा इतिहास लिहायला सांगितला, ते तुला ठाऊकच आहे. तुम्ही सरदार म्हणालात, बंडखोर लाखभर होते. हे स्वतः ऐन झाफरला जाऊन आले. गावाला एकच झरा, तोही घागर भरायला ताटकळावं लागतं असा. "लाखाची फौज आणि तिची घोडी इथे काय दगड चाटत होती?" मला म्हणाले.

मग मशिदीचं सांगितलं. आत बायकामुलं एकावर एक पडलेली, गळे चिरलेली. माश्यांमुळे चेहरे दिसत नव्हते. वाचलेली एक कुंभारीण म्हणाली, "सरदारानं शपथेवर अभय दिलं, म्हणून वेस आम्हीच उघडली."

दरबारात ह्यांनी तसंच वाचलं. वजीर म्हणाला, "शेख, सगळे सरदार एकच सांगतात. सगळेच खोटे?"

"सगळे एकाच ताटात जेवतात, हुजूर. सांगणारा किती भला ते नंतर बघू. सांगतो ते घडू शकतं का, ते आधी बघावं."

वजिराने खाटकाचा ठोकळा आणवला, ह्यांचा लिहिता हात त्यावर ठेवायला लावला. पहिला घाव मनगटाच्या हाडात अडकला, दुसरा घालावा लागला. तू खांबापाशी उभा होतास म्हणे. कमरेचा पट्टा सारखा करत होतास.

उकळत्या तेलात मनगट बुडवलं, तरी ताप चढलाच. तापात हे सांगत गेले, मी लिहीत गेले. अभय देणाऱ्या सरदारापाशी येऊन थांबले. कुंभारणीने नाव सांगितलं होतं, माझ्याजवळ मात्र हे ते बोलले नव्हते.

"तुझा भाऊ आहे. गाळायचं का?"

"दुसऱ्या कुणाच्या बहिणीसाठी कधी गाळलंत?"

जरासे हसले. तुझं नाव मी लिहिलं, अब्बांच्या नावासकट.

हे परवा गेले. प्रती ट्यूनिसला आणि ग्रॅनडाला रवाना झाल्यात, तेव्हा घर जाळायला माणसं पाठवू नकोस. घरात आई आहे. ताशफीन मातीला का आला नाही, विचारत होती. कामात असेल, म्हटलं. तिला वाचता येत नाही, हे तुझं नशीब.

यापुढे मला बहीण म्हणून लिहू नकोस.

शेख मखलूफ यांची पत्नी,
मैमूना