छत ऐकायला कुणी नव्हतं

रविवार, १९ मार्च १९३३
तीन नंबरच्या खाणीची वसाहत, इलिनॉय

चि. प्रानासला आजीचा आशीर्वाद. पत्राच्या डोक्यावर तो लिहायचा असतो म्हणून लिहिला, तुला नको असेल तर पुसून टाक. इकडे सगळे ठीक, असंही लिहायचं असतं. ते मात्र लिहीत नाही.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. लिथुआनियात दोन हिवाळे शाळेत गेले, तिसऱ्या हिवाळ्यात गाय व्याली आणि माझी शाळा संपली. आजवर माझी पत्रं तुझा भाऊ काझिसच लिहायचा. मी दहा वाक्यं बोलायचे, तो तीन लिहायचा. म्हणायचा, "आजी, बाकीच्या सात शिव्या आहेत." आता लिहिणारा नाही, तेव्हा शिव्यांसकट वाच.

उपासाचे दिवस चाललेत. एरवी चाळीस दिवस मांसाशिवाय काढायचे म्हणून आपण कुरकुरायचो, यंदा कुणाला फरकच कळला नाही. रोज कोबीचं आंबट पाणी. काझिसचे बूट त्याच्या बायकोने, मार्तेने, ग्रीस लावून चुलीपाशी ठेवलेत. मी म्हटलं, "अगं, विकून टाक, चांगले आहेत." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून भांडी घासायला लागले. घासलेलीच होती.

परवा पेत्रोनेले आली होती. अजूनही ती बायकांच्या रांगेची पुढारीण आहे, पांढरा झगा घालून खाणीच्या फाटकापुढे उभी राहते आणि नव्या युनियनच्या नावाने घसा फोडते. तिचा नवरा मात्र ऑगस्टपासून संपाच्या नावाखाली झोपून आहे. बंदुकवाले शिपाई आडवे आले तर ती म्हणते, "मार ना, मेल्या! तुझ्या आईला कळव, म्हातारीवर संगीन चालवली म्हणून." बाई धीट आहे, नाही म्हणत नाही. पण तिला घाबरूनच मी जे केलं ते केलं. तेच लिहायला बसले आहे आणि कोबीबद्दल लिहीत बसले.

आधी दुसरं सांगते. काझिसची माती झाली त्या बुधवारी तू रस्त्यापलीकडे उभा होतास, बोडक्या डोक्याने. मी तुला पाहिलं. तुझ्या खाणीचा भोंगा सकाळी वाजला होता, तुझ्या जुन्या युनियनची माणसं खाली उतरली होती. चाळीस वर्षं मी या वसाहतींमधून राहते. खाणकामगार मेला की त्याची माती होईपर्यंत कुणी खाली उतरत नाही, मग तो पोलिश असो, इटालियन असो, नाहीतर बायकोला मारणारा असो. तुझ्या आजोबाच्या वेळी मालकाने बोंब मारली तरी तीन दिवस खाण बंद होती. या वेळी भोंगा वाजला. तू उतरला नाहीस, तुझी रोजी गेली असणार, पुढे कामही जाईल. हे मला कळलं.

आमचा पुढारी खड्ड्यापाशी बोलला, "काझिसला गद्दारांनी मारलं. ज्यांनी संप सोडून रोजीच्या सहा डॉलरचे पाच मुकाट्याने घेतले, त्यांनी मारलं." लोक म्हणाले, "खरं आहे." पेत्रोनेलेने मला कोपराने ढोसलं, "बघ, तुझा तो आलाय तमाशा बघायला." कुणीतरी दगड उचलला. मारला नाही, पण उचलला. आणि मी, प्रानास, मान हलवली. पुढाऱ्याच्या बोलण्यावर मीही मान हलवली.

काझिसला गद्दारांनी मारलं नाही. ओढ्याकाठच्या बिळाचं छत त्याच्यावर आलं. संपावरची माणसं चुलीपुरता कोळसा तिथून काढतात, ते तुला ठाऊक आहे. सगळे जोडीने जातात, एक खणतो, एक सळईने छत ठोकून ऐकतो. घट्ट असेल तर खणखणतं, सुटलं असेल तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. हे मी तुला शिकवावं असं नाही. खाणीत सुरुंग जवळ फुटून त्याचे कान अधू झाल्यापासून तूच त्याच्यासाठी ऐकत होतास. नऊ वर्षं तुम्ही दोघे खाली एकाच खोलीत राबलात, आणि युनियन दोन झाल्या त्या दिवशी माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना विकाऊ आणि मूर्ख म्हणालात. मी तेव्हा पोळपाट आपटून म्हटलं होतं, "दोघेही बाहेर व्हा, माझं पीठ उतू चाललंय." हसलं नाही कुणी.

तू गेलास, मग काझिसला जोडीदार मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "तुझा भाऊ तिकडे, तुझा कान असा. नको बाबा." तो एकटा जायचा. मी म्हटलं, "एकटा जाऊ नकोस." म्हणाला, "मग तू चल, तुझी जीभ छताला टेकव, आपोआप पडेल."

आता ते लिहिते.

२६ फेब्रुवारीच्या रविवारी तू बटाट्याच्या वाफ्यांतून मागच्या दारी आलास. बाहेरच्या खोलीत पेत्रोनेले आणि आणखी चौघी मोर्चाचे झगे शिवत बसल्या होत्या. तू हळू बोललास, पण मला एक एक शब्द पाठ आहे. "आजी, मला आत घेऊ नकोस. काझिसला एवढंच सांग, दर रविवारी मी उजाडायच्या आत ओढ्याने येतो. त्याने खणावं, मी छत ऐकतो. कुणाला दिसणार नाही. हो म्हणाला तर शनिवारी कुंपणाला त्याची टोपी अडकवून ठेव, मी टेकडीवरून बघेन."

आतल्या सुया थांबल्या. आठवड्यापूर्वीच फाटकापुढे शंभर बायकांसमोर मी ओरडले होते, माझं तिकडे कुणी नाही म्हणून. मग मी मोठ्याने म्हटलं, आत ऐकू जाईल असं, "विकल्या गेलेल्या माणसाचे कान आम्हाला नकोत!" आणि भांड्यांचं पाणी तुझ्या अंगावर फेकलं. बायका आत हसल्या. पेत्रोनेले म्हणाली, "वा, उर्शुले!" मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

काझिस शेडमध्ये कुदळीला धार लावत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. आत येऊन त्याने ओली पायरी पाहिली आणि विचारलं, "दारात कोण होतं?"

मी म्हटलं, "भिकारी."

"काही दिलंस?"

"पाणी."

तो माझ्यावर चिडला. म्हणाला, "आपल्याकडे भाकर नव्हती का? असल्या दिवसांत कुणाला दारातून उपाशी पाठवू नये, आजी." आणि बाहेर जाऊन रस्त्यावर दोन्हीकडे बघून आला, भिकारी दिसतो का म्हणून. तू तेव्हा गेला होतास.

सगळा आठवडा गेला. रोज म्हणत होते सांगू, आणि रोज पेत्रोनेले समोर दिसायची. शनिवारी टोपी खुंटीवर होती, कुंपणावर नव्हती. मीच अडकवली नाही. अडकवायची असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. रविवारी पहाटे तो एकटा गेला. दुपारी त्याला एका उखडलेल्या दारावर घालून आणला.

तू टेकडीवरून पाहिलंस, टोपी नाही, आणि तुला वाटलं भावाने नाही म्हटलं. ते तसंच उराशी धरून तू रस्त्यापलीकडे उभा होतास. म्हणून हे लिहिलं. काझिसने नाही म्हटलं नाही. त्याला कुणी विचारलंच नाही. तो हो म्हणाला असता का, ते मला माहीत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी ते लिहिणारही नाही.

माफी मागत नाही. ती मागितली की तुझ्या गळ्यात एक काम पडतं, करायचं की नाही ते. तुझ्याकडे कामं पुष्कळ आहेत.

मार्तेला अजून सांगितलेलं नाही. तिचे दिवस भरत आलेत. बाळंत झाली की सांगेन, मग तिने मला ठेवावं नाहीतर घालवावं.

हे पत्र अंडी विकणारा इटालियन घेऊन येईल, तो दोन्हीकडे विकतो. उत्तर पाठवू नकोस. तुझा कागद आमच्या दारात दिसला तर नव्या युनियनच्या भटारखान्यातून मार्तेला मिळणारं पीठ बंद होईल. तसं परवा पेत्रोनेले सांगून गेली, गोड बोलून.

उद्या मी परत रांगेत आहे. पीठ रांगेत उभं राहणाऱ्याला मिळतं. तुमची गाडी फाटकातून आत जाईल तेव्हा सगळ्या ओरडतील, मीही ओरडेन, पुढे उभी राहून, नावं घेऊन. तू वर बघू नकोस.

तुम्हा दोघांची आजी,
उर्शुले