शिडीवरचं नाव

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा आला! तोच, 'जुनं गिऱ्हाईक' नावाचा. चेहरा नाही, फोटोच्या जागी नुसता नट आवळायचा पाना. आपल्या कारखान्यातल्या नव्या शिडीच्या फोटोखाली लिहितो – "पायरी जोडायला एकेका बाजूला एकच रिबिट. चौथी पायरी हलते. माणूस पडेल."

शेकडो लोकांनी वाचलं असेल. पाच वर्षं हे दुकानाचं पान मी पोटच्या पोरासारखं वाढवलं, प्रत्येकाला दहा मिनिटांत उत्तर दिलं, आणि हा येतो तोंड वर करून! ह्यांना जेवताना दाखवलं, तर म्हणाले, "पुलापलीकडचा तो दुसरा शिड्यांचा कारखानदार असणार. जळतो मेला." सासरे हात धुवायला उठले.

बुधवार, ५ मार्च

कॉमेंट लपवली. बस बोंबलत.

शनिवार, ८ मार्च

इथे लपवली तर तिकडे फोनमधल्या नकाशावर लिहिलं, दुकानाच्या नावाखाली! एक तारा. "पूर्वी दोन रिबिट असत. आता का नाहीत?" दोघांनी फोन करून तेच विचारलं. शाळेची बारा शिड्यांची ऑर्डर अडकली. तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्ही जरा थांबतो हं."

नणंदा, जावा, मावशी – सगळ्यांना पाच तारे द्यायला लावले. मावशीला शिडी कशाशी खातात तेही माहीत नाही. तिने लिहिलं, "सेवा उत्तम. मुलगी गुणी." कपाळ!

सोमवार, १० मार्च

ह्यांना सरळ विचारलं – खरंच दोन असायची?

"असायची. आता माल चांगला येतो, एक पुरतं. तू पान सांभाळ, कारखाना मी सांभाळतो."

लागलं मनाला. पण मला तरी रिबिटातलं काय कळतं?

गुरुवार, १३ मार्च

खोटं खातं म्हणून तक्रार केली. अठरा जणांकडून करवली. संध्याकाळी खातं बंद! हे भलतेच खूश – "तू होतीस म्हणून नाव राहिलं." शाळेचा होकारही आला, शिड्या परवा जाणार. मला मात्र हवा तेवढा आनंद झाला नाही. का, कोण जाणे.

रविवार, १६ मार्च

दुपारी सासरे फोन घेऊन आले. "सूनबाई, माझं ते उघडतच नाही. बघ जरा काय झालंय."

फोन हातात घेतला. पडद्यावर पाना.

"बाबा, तुम्ही?"

"मग काय करू? तीनदा सांगितलं त्याला. म्हणतो, बाबा, तुमचा काळ गेला. म्हटलं, बापाचं ऐकत नाही, निदान गिऱ्हाइकाचं तरी ऐकेल. शिडीवर नाव माझं आहे गं."

त्यांचं तोंड मीच बंद केलं होतं. सांगून टाकलं. रागावले नाहीत, नुसते "असं होय" म्हणाले. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला गोदामात घेऊन गेले. एका नव्या शिडीची चौथी पायरी दोन बोटांनी धरून दाखवली. दुधाच्या दातासारखी हलत होती. दुसरीचीही तशीच. आणि शाळेच्या बारा कालच गेल्या!

तिथूनच शाळेच्या बाईंना फोन लावला – मुलांना, शिपायांना, कुणालाही चढू देऊ नका. त्यांनी रविवार असूनही शाळेत जाऊन शिड्या कुलपात टाकल्या. तेव्हा कुठे श्वास घेतला.

सोमवार, १७ मार्च

सकाळी ह्यांना न विचारता दुकानाच्या पानावर लिहिलं – "आमच्या नव्या शिड्यांची पायरी हलते. चढू नका. परत आणा, दुरुस्त करून देऊ. चूक आमची आहे."

पाच मिनिटांत पहिली कॉमेंट आली. ह्यांची, स्वतःच्या नावाने – "आमचं पान कुणीतरी चोरलंय. विश्वास ठेवू नका."