मे महिन्यातलं तिकीट

मंगळवार, १२ मे, संध्याकाळ

आमच्या घरी लॉटरीचं तिकीट फक्त दिवाळीला येतं. जळगावचा मामा आणतो आणि आई ते लक्ष्मीपूजनात ठेवते. उन्हाळ्यात कुणी नावही काढत नाही. आज मात्र बाबांनीच त्याला फोन केला. स्पीकर चालू होता, मी दाराशीच होतो.

"येताना एक तिकीट आणशील?"

"दाजी, दिवाळी आताच आली का?" मामा हसला.

बाबा हसले नाहीत. "सेठजी सियागंजचं दुकान बंद करताय, भिया. माझं काम गेलं. तुझ्या ताईला अभी नको सांगू."

भर मे महिन्यात तिकीट! जेवताना तेच डोक्यात. बाबा आंब्यांबद्दल बोलत राहिले.

उद्या मी कामाला जातो तिथल्या मालकांना विचारीन, एखादा माणूस हवा आहे का. बाबांचं वय विचारलं तर काय सांगू?