घासलेल्या नावाचा डबा

आई,

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझं काम होतं संगणकावर एक्सएमएल नावाच्या पद्धतीनं साठवलेल्या माहितीतून हव्या त्या नोंदी शोधून काढणं. नोंदींची रांग हाती आली की तिच्यातल्या दुबार नोंदी गाळायच्या, आणि नवी पोरं नेमकी इथेच फसायची. मजकूर सारखा दिसला की उडवून मोकळी. मी सांगायची, अरे, तीच नोंद दोन वाटांनी दोनदा आली असेल तर एक काढ. पण दोन वेगळ्या नोंदींतला मजकूर सारखा आहे म्हणून त्या एक होत नाहीत. हे सांगताना माझा आवाज चढायचा. पोरांना वाटायचं, बाईंचा कामावर फार जीव. मी तुझ्याशी भांडत असायची, हे त्यांना काय माहीत.

माझं लग्न झालं तेव्हा, सत्तर सालानंतर, स्टीलचं फार अप्रूप होतं. आहेराची भांडी तू स्वयंपाकघरात मांडून बसली आहेस. त्यात चार डबे एकाच मापाचे, एकाच घडणीचे, सगळे इतवारीच्या बाजारातले. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. "एकासारखे चार डबे नेऊन दुकान लावतं काय वं? एक ने. बाकीचे दुसऱ्यांच्या लग्नात कामी येतीन," म्हणत तू मावशीचा डबा माझ्याकडे सरकवतेस. एकच न्यायचा तर आत्याचा दे, असं मी म्हणते. तू म्हणतेस, डबा तो डबा, त्यात काय आत्याचा अन् काय मावशीचा. तुला वाचता येत होतं, आई. माझ्या लहानपणी तू आजारी असताना बाबांच्या या बहिणीनंच मला खापरखेड्याला नेलं होतं. वीजघराच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून तिनं मला आपल्या मुलाच्या बरोबरीनं वाढवलं. परत आल्यावर एकदा जेवताना मी तिच्या हातच्या भाजीचं कौतुक केलं, आणि तू माझ्यापुढचं ताट उचललंस. ते कौतुक तू मला कधीच माफ केलं नाहीस.

पुढे आत्याच्या मुलाचं लग्न निघालं. तिचं नाव घासून त्यावर तुझं कोरलेला तोच डबा तू तिलाच आहेर म्हणून दिलास. विसरून दिलास की जाणूनबुजून, देव जाणे. तिनं तो हातात घेतला, नावाभोवतीची खरखरीत जागा बोटानं चाचपली.

"वहिनी, असाच डबा मी पोरीले देल्ला होता."

"बाजारात सारेच सारखे भेटते," तू म्हणालीस.

तिनं डबा फळीवर ठेवला, नाव भिंतीकडे करून. त्यानंतर ती आपल्या दारी आली नाही. मीच तुला न सांगता खापरखेड्याला जात राहिले. डब्यापायी कोणी नातं तोडते काय, असं तू चारचौघांत विचारायचीस. डब्यापायी नव्हतं तुटलं. तू तिला पुसलंस आणि त्याच जागी स्वतःला लिहिलंस. जळो ती तुझी टापटीप. मला सगळ्या नात्यागोत्यात तीच एक माणूस होती, आणि तुझ्या हिशेबी ती जास्तीची होती.

आत्या गेल्यावर तिच्या मुलानं तो डबा मला आणून दिला. आता माझ्या फळीवर दोन्ही शेजारी आहेत, मावशीचा आणि हा. आल्यागेल्याला जोडी आवडते. मावशीच्या डब्यात साखर असते. या डब्यात मी कधी काही भरलं नाही. एकदा नावं घालणाऱ्याकडे नेऊन तुझं नाव काढायला सांगितलं. तो म्हणाला, पत्रा आधीच झिजला आहे, आणखी घासला तर भोक पडेल. मग तसाच परत आणला.

हे पत्र त्यातच ठेवते आहे. एवढंच कबूल करते: झाकण लावताना तिचं नाव कुठे लागतं का म्हणून मी बोट फिरवते. दर वेळी तुझंच लागतं, आणि दर वेळी बोट तिथे जरा थांबतं.