हरवलेल्या कुंच्यांचा अर्ज

आई,

संक्रांतीनंतर मी बंगळूरला पाठवलेलं एक पार्सल हरवलं. तू गेलीस त्याला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण लिहायला बसले ती या पार्सलमुळे. तुझ्या नातीला मुलगी झाली. तिच्यासाठी दोन कुंच्या, चार झबली आणि एक दुपटं मी हातानं शिवलं होतं, तू ऑफिसला नेसायचीस त्या निळ्या काठाच्या सुती साडीतून. साडी इतकी मऊ झाली होती की सुई घातली तरी कापडाला कळत नव्हतं. पार्सलची पावती मी जपून ठेवली, ती तुझी सवय. विमा मात्र उतरवला नाही. जुन्या साडीच्या कपड्यांचा कसला विमा, असं मनात आलं. तू असतीस तर तिथेच काउंटरवर मला परत फिरवली असतीस.

पंधरा दिवस वाट पाहिली, मग तक्रार केली. शोध चालू आहे, शोध चालू आहे, असं येत राहिलं, आणि शेवटी सांगितलं की पार्सल सापडत नाही, भरपाईसाठी अर्ज करा. लेक म्हणाली, सोडून दे ना आई, मी ऑनलाइन मागवते. तिला मराठी बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की दोन ओळींत दमते, त्यामुळे हे ती वाचेल अशी भीती नाही. मी सोडून दिलं नाही. जवळच्या पोस्टात गेले. खिडकीत माझ्या लेकीपेक्षाही लहान, तेलुगू बोलणारी मुलगी होती. तिनं फॉर्म दिला. पार्सलमध्ये काय होतं ते मी सगळं लिहिलं आणि किमतीचा रकाना कोरा ठेवला. ती म्हणाली, "अम्मा, इधर कुछ तो लिखना पड़ता." तिनं नीटच सांगितलं होतं. पण माझा तोल गेला. माझ्या आईची साडी होती, ती आता या जगात नाही, तिची किंमत तुम्हीच सांगा, असं मी मोठमोठ्यानं बोलले. मुलीनं मान खाली घातली, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि सावकाश घरी बसून लिहून आणा म्हणाली.

घरी आले, चहा ठेवला, आणि मला ते शिंपीचाचा आठवले. तुझ्या लक्षात असतीलच. मी दहावीत आहे. नारायणगुड्याच्या आपल्या दोन खोल्या. रविवारची सकाळ, तू ज्वारीच्या भाकरी थापतेस आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, माझ्या अभ्यासाच्या स्टुलावर, पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ बसलेत. ते जुन्या शहरातले शिंपी. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः शेरवानी शिवून पार्सलनं पाठवली आणि ती वाटेत हरवली. विमा त्यांनी उतरवला होता. पण भरपाईसाठी किमतीचा पुरावा हवा, आणि त्यांच्याजवळ होती फक्त कापडाची पावती. शिलाईची पावती कुठून आणणार? तीन महिने ते सिकंदराबादच्या पोस्टात तुझ्या तक्रारीच्या खिडकीशी येत होते. लग्न होऊन गेलं होतं, मुलानं तयार सूट घातला होता. शेवटी तूच त्यांना घरी बोलावलंस, कारण ऑफिसात तुझ्या खिडकीपुढची रांग संपत नव्हती.

तू भाकरीचा हात धुऊन पाटावर कागद घेतलास आणि म्हणालीस, चाचा, तुमच्या शिलाईचं बिल तुम्हीच करा. ते हसले. म्हणाले, "अपनीच मेहनत का दाम मैं खुद कैसा लगाऊँ बाईसाब? अपने पूत के वास्ते सिया मैं."

तू विचारलंस, "दूसरे के पूत की सीते तो क्या लेते?"

ते तव्याकडे बघतच म्हणाले, "दूसरे के वास्ते इतनी अच्छी नै सीता था."

तू ते हसण्यावारी नेलं नाहीस. किती दिवस लागले, काज-बटणं हातानं की मशीननं, अस्तर कुठलं, कॉलरवरचं जरीचं काम कुणी केलं, एकेक विचारत गेलीस. त्यांनी उर्दूत आपल्या हातानं स्वतःच्या नावाचं बिल लिहिलं. चाळीस वर्षांत दुसऱ्यांना किती बिलं दिली असतील, पण हे लिहिताना त्यांचा हात थांबत होता. खाली तू इंग्रजीत त्याचा तर्जुमा लिहिलास. मी आतल्या खोलीत धुसफुसत होते. एकच रविवार मिळतो, त्यात स्टूलही गेलं. ते गेल्यावर मी म्हटलं, त्यांचं पार्सल आपण चोरलंय का? तू परातीतलं पीठ गोळा करत होतीस. आवाज न चढवता म्हणालीस, "ते माणूस तीन महिने माझ्या खिडकीला येतंय. त्याच्यापुरतं पोस्ट म्हणजे मीच आहे की. तुला हे कळत नसंल तर पुस्तक मिटून ठेव आधी." मी खरंच पुस्तक मिटलं, रागानं. तू मला ते उघड म्हणून सांगायला आली नाहीस.

पुढचं तू जेवताना सांगितलंस. साहेब म्हणाले, माणसानं स्वतःला दिलेलं बिल हे बिल नव्हे. तू म्हणालीस, शेरवानी दुसऱ्यानं शिवली असती तर त्याचं बिल आपण घेतलं असतं, बापानं शिवली म्हणून ती फुकटची झाली का? साहेबांनी कागद वर पाठवला. दोन महिन्यांनी पूर्ण रक्कम मंजूर झाली. चाचांनी उरलेल्या जरीच्या तुकड्यांची टाचण्यांची गादी शिवून आणली, बोरापेक्षा जराशी मोठी. ती तू घरी आणली नाहीस. माझ्या खिडकीला दिलीय, मला नाही, असं म्हणून टेबलावर ठेवलीस, आणि निवृत्त झालीस तेव्हा पुढच्या बाईंसाठी तिथेच ठेवून आलीस.

तर चहा पिऊन मी फॉर्म पुढे ओढला आणि तुझाच प्रश्न स्वतःला विचारला. दुसऱ्याच्या नातीसाठी शिवलं असतं तर काय घेतलं असतं? हिमायतनगरातल्या आमच्या टेलरबाईंना फोन करून हाताच्या शिलाईचा भाव विचारला, किती दिवस लागले ते लिहिलं, रकाना भरला. दुसऱ्या दिवशी कागद क्रमानं लावून त्याच खिडकीत दिले. आधी तिची माफी मागितली. ती म्हणाली, रोज होतं अम्मा, आदत आहे. मला वाटलं, तूही रोज हे ऐकूनच घरी येत असशील आणि आम्हाला भाकऱ्या थापून वाढत असशील.

पाच आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. विमा नसल्यानं नियमात बसेल तेवढीच रक्कम, मी लिहिलेल्या आकड्याशी तिचा काही संबंध नव्हता. पण पत्रात सगळ्या वस्तू टाइप केल्या होत्या: सुती साडीतून हातानं शिवलेल्या बाळाच्या दोन टोप्या, चार झबली, एक दुपटं. कुठे गेल्या ते कुणाला सापडलं नाही. पण त्या होत्या, एवढं कुणीतरी सही-शिक्क्यानिशी मान्य केलं. ते पत्र मी कपाटात ठेवलंय. तुझी दुसरी एक साडी काढलीय, हिरवी. या वेळी मी स्वतः घेऊन जाणार आहे.

भरपाईची रक्कम घ्यायला, सही करायला गेले तेव्हा खिडकीतल्या मुलीनं विचारलं, तुमचे कागद इतके बरोबर कसे? मी म्हटलं, माझी आई पोस्टात होती, तक्रारीच्या खिडकीवर. ती मोकळी हसली. म्हणाली, मग तुम्ही आमच्याच की.

माझी आई पोस्टात होती, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आई. कॉलेजात कुणी विचारलं की मी म्हणायचे, आई सेंट्रल गव्हर्मेंटमध्ये आहे, आणि विषय बदलायचे. एकदा मैत्रिणीला तिच्या हरवलेल्या मनीऑर्डरची चौकशी करायची होती, म्हणून तिच्याबरोबर तुझ्या ऑफिसात आले. रांगेतून तू दिसलीस. एक माणूस तुझ्यावर ओरडत होता आणि तू खाली मान घालून लिहीत होतीस. मैत्रिणीला म्हटलं, गर्दी फार आहे, उद्या येऊ. आम्ही निघालो तेव्हा तू मान वर केली होतीस की नाही, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी तू नेहमीसारखीच घरी आलीस, आणि मी विचारलं नाही.