तिसऱ्या ओढीची करवत

माधव नगर, उज्जैन
१० फेब्रुवारी १९५७

प्रिय प्रभाकर,

तुझं कार्ड पोचलं. साडेतीन महिन्यांनी पहिलं, आणि त्यात चारच ओळी. तुझ्या चांद्याच्या ठेकेदाराला पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घ्यायची आहे, तर आमच्या सरकारी वखारीतल्या दोहोंपैकी कोणती सहज आणि भरवशाने सुरू होते, ते कळवावे. खाली ‘आपला, प्रभाकर’. सख्ख्या भावाला ‘आपला’! दुर्गाने कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाली, भावजींनी वखारीला लिहिलंय, घरी नाही. तिचं काहीतरी चुकतंय असं म्हणायची माझी जुनी खोड, पण या वेळी तिचंच खरं होतं.

आधी इथली हालहवाल. वखारीच्या फाटकावरची ‘मध्य भारत’ ही अक्षरं पुसून रंगाऱ्याने ‘मध्य प्रदेश’ लिहिलं, पण रंग पातळ पडल्याने खालचा ‘भारत’ अजून दिसतो. जुने शिक्के मी कपाटात ठेवलेत. कुणी मागितले नाहीत आणि टाकवतही नाहीत. निम्मी मंडळी नव्या राजधानीत, भोपाळला गेली. सिंहस्थ तोंडावर आलाय, साधूंच्या धुन्यांसाठी लाकडाच्या गाड्या रोज येताहेत. परवा राम घाटावर आपले तात्या गुरुजी भेटले. तुझी चौकशी करून म्हणाले, तुझा भाऊ मशीनशी बोलायचा, माणसांशी कमी. मी म्हटलं, मशीन उलटून बोलत नाही म्हणून. ते हसले, मला काही हसू आलं नाही.

आता करवतींचं. जर्मन करवत तुला आठवतेच, दोन माणसांनी उचलायची. तिला पेट्रोलमध्ये तेल जरा जास्त लागतं, आणि थंडीच्या सकाळी पाच-सहा वेळा दोरी ओढल्याशिवाय ती डोळा उघडत नाही. पण एकदा सुरू झाली की संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. स्वीडनची करवत हलकी, एकहाती. तिची रीत तूच मला शिकवलीस. चोक, म्हणजे हवेची झडप, बंद करून दोन ओढी, खोकली की चोक उघडायचा, आणि तिसऱ्या ओढीला सुरू. तू पाय रोवून उभा राहायचास आणि दोरी अशी ओढायचास, की बाकीची मंडळी हातातलं काम टाकून बघत राहायची. मी भांडारी, कोठारातला माल सांभाळणारा माणूस, मला मोजण्यापलीकडे काही येत नाही. पण माझा धाकटा भाऊ हे करतोय याची मला फार ऐट वाटायची. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती कसोटी. आपले वखारीचे साहेब, भय्यासाहेब, आणि इंदूरचे दोन अधिकारी खुर्च्या टाकून बसले होते. दहा करवती घ्यायच्या, त्या कुठल्या, हे त्या दिवशी ठरायचं होतं. नियम असा, की कसोटी चालू असताना यंत्राला पाना लावायचा नाही. जर्मन करवत पाचव्या ओढीला बोलली. तुझी स्वीडनची मात्र बावीस ओढी होऊनही मुकी. तुझा शर्ट पाठीला चिकटला होता. भय्यासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “मिस्त्रीजी, इसे आरती सुनाइए, शायद उठ जाए.” लोक हसले. तू उघडून बघू द्या म्हणालास, त्यांनी नाही म्हटलं आणि करवत माझ्या कोठारात कुलुपात ठेवायला लावली. त्या संध्याकाळी तू माझ्याकडे किल्ली मागितलीस. मी म्हणालो, साहेबांचा हुकूम आहे. तू परत मागितली नाहीस. तुझ्या कागदावर ‘निष्काळजी’ असा शेरा पडला, नव्या राज्याच्या नोकरांची यादी लागली तेव्हा तुझी कच्ची नोकरी तिच्यात नव्हती, आणि दिवाळीचा फराळ न खाता तू चांद्याला गेलास. दुर्गाने तुझ्या वाटणीचे अनारसे महिनाभर डब्यात ठेवले होते.

प्रभाकर, आता जे लिहितोय त्यासाठी तीन कागद फाडले. दसऱ्याला वखारीत शस्त्रपूजा माझ्याकडे असते, हे तुला माहीत आहे. कुऱ्हाडी, आरे, काटे, सगळ्यांना हळदकुंकू. जर्मन करवतीवर मी लांबूनच फूल टाकलं. तुझ्या लाडकीला मात्र म्हटलं, उद्या हिची परीक्षा आहे. म्हणून हळद-कुंकू ओलं कालवून तिच्या काळ्या झाकणावर मोठं स्वस्तिक काढलं, मूठभर अक्षता वाहिल्या, नारळाचं पाणी शिंपडलं. सकाळी वाटलं, साहेबलोकांपुढे असं माखलेलं यंत्र नको, म्हणून ओल्या फडक्याने घासून पुसलं. त्या झाकणाच्या फटींतून करवत हवा घेते, हे तू मला दहा वेळा सांगितलं होतंस. कसोटीनंतर चौथ्या दिवशी मी एकट्याने कोठारात झाकण उघडलं. आतली हवेची जाळी हळदीच्या लगद्याने लिंपून गेली होती. दुर्गाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पूजा केलीत, का तिला आंघोळ घातलीत?” पण हे तिला सांगितलं परवा. चौथ्या दिवशी मी काय केलं, तर झाकण परत लावलं आणि कुलूप घातलं. यादी तयार होत होती. भोपाळला हेड भांडारी म्हणून माझं नाव चाललं होतं. मला भीती वाटली. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही.

तुझं कार्ड आलं आणि माझ्याच्याने राहवेना. तू जगात कुणालाही विचारू शकला असतास, पण करवत भरवशाची कोणती हे मलाच विचारलंस. काल ती बाहेर काढली, जाळी पेट्रोलने धुतली, भय्यासाहेबांना अंगणात बोलावलं आणि मीच दोरी ओढली, दोन्ही हातांनी, वेड्यासारखी. तिसऱ्या ओढीला सुरू झाली. मग सगळं सांगितलं आणि लिहूनही दिलं. त्यांनी तिथेच कागद मागवला. तुझा शेरा खोडायला त्यांनी भोपाळला लिहिलंय. त्याची नक्कल सोबत आहे. माझं भोपाळ राहिलं, ते राहू दे. तेव्हा ठेकेदाराला सांग, स्वीडनची घ्या, डोळे मिटून. जाळी धुताना तांदळाचा एक दाणा मिळाला, अजून लाल आहे. तो या पत्रात पुडीत ठेवलाय. ती अक्षता मी तुझ्या नावाने वाहिली होती. रागाने फेकलीस तरी चालेल, पण पुढच्या कार्डावर ‘आपला’ लिहू नकोस.

तुझाच,
दादा